वीसमुखीचं व्रत

‘रविवार’ हा एवढासा शब्द, पण तो काही बाबांच्या तोंडातून बाहेर पडत नव्हता.

“पुन्हा,” शलाकाताई म्हणाली. पलंगावर मांडी ठोकून, गालात सुपारी धरल्यासारखं तोंड करून ती बसली होती. आवाज घोगरा काढून म्हणाली, “काय ओ पावणं, तुमचं काय म्हणणं असंल तर आत्ताच बोला. मागनं कटकट नको.”

“आमचं म्हणणं एवढंच...” बाबांनी कॉलर सैल केली. “की मुलीला आठवड्यातून एक दिवस...”

“कुठला दिवस?”

“तो आपला... शनिवारनंतरचा.”

फरझानानं उशीत तोंड खुपसलं. दिग्या भिंतीकडं वळला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मीही काही फार वेळ धरून ठेवू शकलो नाही.

“हसा, हसा,” बाबा म्हणाले. “लग्न मोडलं म्हणजे आणखी हसा.”

बाबांची उभी हयात टेलिफोन खात्यात गेली. मिरजेतल्या निम्म्या माणसांची बोलणी त्यांनी जोडून दिली, पण स्वतः कुणाशी चार वाक्यं सलग बोलल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. आणि तासाभरात विट्याहून शिंगटे मंडळी ताईच्या लग्नाच्या बैठकीला येणार होती. मुलगा पसंत होता. नुसता पसंत नव्हे. यशोधनचं नाव निघालं की आमची ताई, जी शाळेत नववीच्या पोरांना गणितानं घाम फोडते, ती चष्मा काढून उगाच पुसत बसायची. घोडं अडलं होतं ते रविवारवर.

शिंगट्यांची रीत अशी, की दर रविवारी अख्खं कुटुंब विट्याला अण्णांकडं जमायचं. अण्णा म्हणजे यशोधनचे थोरले चुलते. त्याचे वडील लवकर गेले, तेव्हापासून घरात शब्द अण्णांचा. सकाळी पोचायचं, दिवेलागणीला निघायचं, आणि मधल्या वेळात घरातल्या बायकांनी पंचवीस-तीस पानं वाढायची. यशोधन सांगलीत नोकरीला होता, आईही त्याच्याकडंच असायची, तरी दोघांचा रविवार सुटलेला नव्हता. त्यानं ताईला हे आधीच सांगून टाकलं होतं, आणि “अण्णांना विचारावं लागेल,” हेही.

आणि ताईचा रविवार तर आमच्या ताब्यात होता.

दुपारची जेवणं झाली की स्वयंपाकघराला लागून असलेल्या मागच्या खोलीत आम्ही चौघं बसायचो. ताई गोष्ट सांगायची, आणि आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचो. मी चोर. फरझाना, जी एरवी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून द्यायची, ती जादूगारीण. दिग्या टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा, तो सेनापती. समोर राणी येवो, राक्षस येवो, लबाड नावाडी येवो, त्या सगळ्यांचे आवाज ताईचे. आम्ही काय करायचं ते आमच्या डोक्यानं. आणि ते जमलं की फसलं, हे ठरवायचा वीस तोंडांचा फासा. वीस पडलं तर सोन्याहून पिवळं, एक पडलं तर सगळी माती. उडी मारायची तरी फासा, थाप मारायची तरी फासा. त्यात ताईचा नियम कडक: एक पडलं म्हणून रडायचं नाही, परत टाकायचा नाही. फजिती झाली ना, मग ती फजिती नीट खेळून दाखवायची.

अडीच-तीन वर्षं हे चाललं होतं. आम्ही कामावर, बाजारात, रस्त्यात भेटलो तरी आधी सात पुलांच्या राज्याचं काय झालं ते बोलायचो, मग घरचं. ताईनं बाबांना स्वच्छ सांगितलं होतं, “हुंडा-मानपान तर कुणी मागत नाहीच, बाकी काय म्हणतील ते कबूल करा. रविवार तेवढा सोडायचा नाही. ते नसेल जमत तर नको.” आम्ही त्या वेळी हसणं थांबवलं होतं.

“तूच का नाही बोलत?” दिग्यानं विचारलं.

“बैठकीत मुलगी बोलत नाही,” बाबा म्हणाले. “ठरल्यावर चहा घेऊन बाहेर येते. तशी पद्धत आहे.”

“बरं,” ताई म्हणाली. “मग माझ्या बाजूनं ही तिघं बसतील. दर रविवारी राजेरजवाड्यांशी तह करतात. एका अण्णाला गुंडाळता येत नाही म्हणजे काय?”

तेवढ्यात आई दारात आली, हातात कोथिंबिरीची जुडी. “तुमची नाटकं आवरा. पावणे कोपऱ्यावर आलेत म्हणे,” म्हणाली आणि आत गेली.

अण्णा शिंगटे आले, खुर्चीत बसले, गालात सुपारी सरकवली आणि म्हणाले, “काय ओ पावणं, तुमचं काय म्हणणं असंल तर आत्ताच बोला. मागनं कटकट नको.”

ताईनं त्यांना आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. फोनवरचा आवाज तेवढा एकदा ऐकला होता. फरझानाला ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं.

बोला म्हणाले खरे, पण मग स्वतःच बोलत राहिले. कार्यालय विट्याचंच. बँड विट्याचाच. आचारीसुद्धा त्यांच्या ओळखीचा. बाबा प्रत्येक गोष्टीला “हो, हो” म्हणत होते. “यशला चहात साखर चालत नाही. यशला निळा कोट घेऊ, त्याला निळा आवडतो,” अण्णा सांगत होते, आणि यशोधन शेजारी बसून तोंड उघडायचा आणि परत मिटायचा. त्याची आई, कुमुदताई, खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. मांडीवर पर्स घट्ट धरलेली, डोळे सारखे स्वयंपाकघराकडं. पाहुणी म्हणून बसायची सवयच नसावी बाईंना.

“आन् रविवारचं तर तुम्हाला ठावं हायच,” अण्णा म्हणाले. “सूनबाई सकाळच्या पहिल्या गाडीनं आली की झालं.”

मी, फरझाना आणि दिग्या, तिघांनी बाबांकडं बघितलं.

“अण्णासाहेब,” बाबा म्हणाले. “रवि... रविवारी तिचं...”

फरझानानं माझं मनगट पकडलं.

“व्रत असतं.”

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

“व्रत?” अण्णांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “चांगलं हाय की. कुठल्या देवाचं?”

बाबांनी आमच्याकडं बघितलं. फोन जोडून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं, ही त्यांची जुनी खोड.

आता थाप मारायची म्हणजे फासा टाकायचा. आमच्या तिघांच्या खिशात आपापला फासा कायम असायचा, आणि हात तर न सांगता तिकडं जायचा. मी माझा मांडीखाली, सोफ्याच्या फटीत हळूच टाकला. सतरा! अंगात वारं शिरलं.

“वीसमुखीचं,” मी म्हणालो.

“वीसमुखी? मी तर कधी ऐकली न्हाई.”

“फार जागृत आहे. मागाल ते देईलच असं नाही. पण एकदा दिलं की बदलत नाही.”

बाबा माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघत होते. अण्णांनी मात्र मान हलवली. “खरं दैवत असंच असतंय. निवद काय असतो?”

फरझानानं ओढणीत हात घातला, खाली नजर टाकली आणि तिचा चेहरा उजळला. “पोहे. दुपारी पोह्यांचाच नैवेद्य. वर खोबरं-कोथिंबीर.”

“ही पोरगी पण व्रत धरती? नाव काय बाळ तुझं?”

“फरझाना.”

अण्णांची सुपारी थांबली. तेव्हा बाबा बोलले. त्या बैठकीतलं त्यांचं पहिलं धड वाक्य. “मिरज आहे, अण्णासाहेब. इथं असंच असतं.”

“ते बाकी खरं,” अण्णा म्हणाले. “उरुसात गाणं ऐकायला आम्ही पण येतोय की. मग काय काय करायचं असतं व्रताला?”

फरझाना आता थांबणार नव्हती. चांगला आकडा पडला की ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. “सगळ्यांनी गोल बसायचं. डोक्यातलं घरदार बाहेर ठेवायचं. आणि व्रत सुरू झालं, की उठेपर्यंत त्या बाईला कुणी स्वयंपाकघरात बोलवायचं नाही.”

“अजिबात नाही?” हा आवाज नवा होता. कुमुदताई खुर्चीत पुढं सरकल्या होत्या.

“अजिबात नाही.”

“आणि कुणाला पाणी हवं असलं तर?”

“ज्याचं त्यानं घ्यायचं. मागितलं तर व्रत मोडतं. पाप मागणाऱ्याला.”

कुमुदताईंनी पर्स मांडीवरून काढून खाली ठेवली. “मग हे व्रत मलासुद्धा धरता येईल का गं?”

मी गाल आतून चावून धरला. यशोधन आईकडं असा बघायला लागला, की जणू ती आत्ताच या खोलीत आली. आणि अण्णा, देवभोळा माणूस, खूश झाले. “धर की कुमुद. पण कथा ऐकल्याबिगर व्रत धरू न्हाई. काय ओ,” ते दिग्याकडं वळले, “तुम्ही मघाधरनं गप हाय. तुम्ही सांगा कथा.”

दिग्या पडला साधा माणूस. खेळातसुद्धा त्याला खोटं बोलायचं म्हटलं की घाम सुटायचा. म्हणून तर सेनापती झाला होता. त्यानं खिशातून फासा काढला. तो त्याच्या ओल्या हातातून सटकला. टणटण उड्या मारत टीपॉयखालून गेला आणि अण्णांच्या पायाच्या अंगठ्याला टेकून थांबला.

एक.

आता दुसरा कुणी असता तर काय केलं असतं? फासा उचलून खिशात टाकला असता आणि आटपाट नगराची सुरुवात केली असती. अण्णांना आकड्याचं काय कळणार होतं? मी दिग्याला डोळ्यांनी नाही नाही म्हणून खुणावत होतो. फरझानानं त्याच्या पायावर पाय दिला. पण दिग्याला एकच माहीत होतं. एक पडलं तर रडायचं नाही.

“आटपाट नगर होतं,” दिग्या म्हणाला. “तिथं एक सेनापती होता. तो म्हणजे मी.”

“आं?”

“मागच्या रविवारी एका म्हातारीनं आम्हाला सांगितलं, पूल भक्कम आहे, जावा बिनघोर. मी तिच्यावर विश्वास ठेवला. पूल तुटला. हा चोर,” दिग्यानं माझ्याकडं बोट केलं, “दोराला लटकतोय. ही जादूगारीण बेशुद्ध. आणि अण्णा, व्रतबित काही नाही. खेळ आहे. तो तुमच्या पायापाशी पडलाय तो फासा. मला माफ करा, माझं एक पडलं.”

मी बघितलं, बाबांनी डोळे मिटून घेतले होते. अण्णांनी वाकून फासा उचलला, उजेडात धरून फिरवला.

“फासा?” ते हळूहळू उठले. “पोरगी दर रविवारी जुगार खेळती? आन् वर देवाच्या नावानं थापा?”

“जुगार नाही, अण्णा.” ताई बाहेर आली होती. हातात चहाचा ट्रे. “आणि थाप माझ्यासाठी मारली त्यांनी. सगळ्यांच्या वतीनं मी माफी मागते. मी दर रविवारी या तिघांना गोष्ट सांगते आणि ते ती खेळतात. मी राक्षस होते, राणी होते, म्हातारी होते. एवढी मोठी बाई असून. मला त्यात फार आनंद होतो.” तिनं ट्रे ठेवला. चष्मा पुसला नाही. “यशोधनही मला आवडतात. मला दोन्ही हवंय. एक सोडून दुसरं घेतलं तर मी चांगली बायको होणार नाही, एवढं मला कळतं.”

“उठ यश,” अण्णा म्हणाले.

यशोधन उठला नाही. “अण्णा, बसा की. मला ऐकायचंय,” तो म्हणाला. आवाज इतका साधा होता की अण्णा नवलानंच खाली बसले.

ताईनं ती संधी सोडली नाही. खेळात चारी बाजूंनी गोंधळ माजला, सगळे एकदम ओरडायला लागले, की ती फेरी लावायची. प्रत्येकानं फासा टाकायचा. जास्त आकडा तो आधी बोलणार. पाळी एकेकाची, आणि दुसऱ्याच्या पाळीत तोंड घालायचं नाही, मग राजा असो की भिकारी. तेच तिनं इथं लावलं. सुपारीच्या ताटातली सुपारी बाजूला केली आणि ताट अण्णांपुढं धरलं.

“एक फेरी फक्त. मग तुम्ही म्हणाल ते.”

“हे काय पोरखेळ...” म्हणत अण्णांनी हातातला फासा ताटात फेकला. दोन.

“हा फासा खोडसाळ हाय. परत टाकतो.”

“परत नाही!” आम्ही तिघं एका सुरात ओरडलो. बाबासुद्धा ओरडले. अण्णा दचकले.

कुमुदताईंनी फासा दोन्ही हातांत घेऊन, डोळे मिटून, देवापुढं फूल सोडावं तसा सोडला. वीस! दिग्यानं टाळी वाजवली आणि मग जीभ चावली.

“तुम्ही पहिल्या,” ताई म्हणाली. “बोला.”

“मी? मी काय बोलू?”

“जे मनात असेल ते. मध्ये कुणी बोलणार नाही.”

कुमुदताईंनी सगळ्यांकडं बघितलं. खरंच कुणी बोलत नव्हतं. त्या अवघडल्या, पदर सारखा केला, आणि मग एकदम म्हणाल्या, “मला रविवारी कंटाळा येतो.”

“कुमुद...”

“अण्णा, तुमची पाळी शेवटी,” ताई म्हणाली.

“फार कंटाळा येतो,” कुमुदताई म्हणाल्या, आणि त्यांना हसूच फुटलं. “लग्न होऊन आले तेव्हापासून येतोय. शनिवारी संध्याकाळीच यायला लागतो. पिठाचा डबा बघितला की येतो. मघाशी ही पोरगी म्हणाली ना, कुणी पाणीसुद्धा मागायचं नाही, तेव्हा मला खरंच वाटलं, की असा कुठला देव असेल तर मी आजच धरते. आता कळलं देव नाही. नसू दे. मला व्रत पाहिजे.”

पुढचा आकडा यशोधनचा. “मला चहात साखर लागते,” तो म्हणाला. “आणि निळा रंग मला अजिबात आवडत नाही.” मग ताईकडं बघून लाजत, “मला राक्षस बघायचाय.”

ताईनं तेव्हा चष्मा काढून पुसला. नुसता पुसला नाही, साडीच्या पदरानं घासून घासून पुसला.

मग बाबा. बाबा उभे राहिले. कॉलर नीट केली. “रविवार,” ते मोठ्यांदा म्हणाले, आणि आपल्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं असावं. “माझ्या मुलीला रविवार पाहिजे. रविवार दुपार. बाकी कार्यालय, बँड, सगळं तुमचं.” ते खाली बसले आणि रुमालानं मानेवरचा घाम पुसला. आम्ही तिघांनी जी काही शिट्टी-टाळी केली, तशी खेळात राक्षस पडल्यावरसुद्धा कधी केली नव्हती.

शेवटी राहिले अण्णा. एवढा वेळ गप्प बसायची वेळ त्यांच्यावर जन्मात आली नसेल. तोंड लाल झालं होतं, सुपारी कधीच संपली होती. आता हा माणूस फुटणार, असंच मला वाटलं. पण मध्ये कुणी अडवत नाही म्हटल्यावर त्यांचाही आवाज खाली आला.

“तुमची काकी गेल्यापासनं,” ते यशोधनला म्हणाले, “सोमवार ते शनिवार मी आन् भिंती. रविवारी घर भरतंय. पोरं दंगा करत्यात, चपला दारात मावत न्हाईत. तेवढ्यासाठी मी आठवडा काढतो. मला माणसं लागत्यात, कुमुद. पोळ्या कुणी लाटल्या ते कोण इचारतंय?”

“मग अण्णा, हे इतकी वर्षं सांगितलं का नाही?” कुमुदताईंचे डोळे भरले होते. “मी लाटतच बसले की.”

“मला कुणी इचारलंच न्हाई.”

दिग्या नाक ओढायला लागला. मग यशोधन म्हणाला, “शनिवार. आम्ही सगळे शनिवारी येतो. जेवण त्या तुमच्या आचाऱ्याला सांगू.” “शनिवारी माझा उपास असतोय,” अण्णा म्हणाले. मग स्वतःच, “बरं. रात्री सोडीन, मुक्काम करणार असाल तर.”

झालं! फरझानानं मला मिठीच मारली. बाबा पेढ्यांचा बॉक्स शोधायला लागले. ताईनं सुपारी परत ताटात ठेवली आणि फासा उचलून म्हणाली, “चला, फेरी संपली.”

“अगं थांब,” कुमुदताई म्हणाल्या. “विहीणबाई राहिल्या की.”

आम्ही सगळ्यांनी मागं बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात उलथनं. किती वेळची उभी होती कोण जाणे.

“मला कुठं दिला टाकायला?” आई म्हणाली.

गंमत म्हणून म्हणाली असं वाटून आम्ही हसलो. ती हसत नव्हती. ताईचा चेहरा उतरला. जिच्या फेरीत भिकाऱ्याचीसुद्धा पाळी चुकत नाही, ती घाईघाईनं ताट घेऊन दाराशी गेली. आईनं उलथनं काखेत धरलं आणि फासा टाकला. किती पडले ते आता आठवत नाही. एकटीच उरली होती, आकड्याला काही अर्थ नव्हता.

“मला एवढंच विचारायचंय,” आई म्हणाली, “त्या चोराचं पुढं काय झालं?”

“कुठल्या चोराचं?” ताई म्हणाली.

“ह्या पऱ्याचं. दोराला लटकतोय ना तो. मागच्या रविवारी पूल तुटला तेव्हा तिकडं माझं दूध उतू गेलं. आणि नेमकं तेव्हाच तुम्ही उठलात. तेव्हापासनं जिवाला घोर लागलाय.” ती दिग्याकडं वळली. “आणि तुला सांगते दिग्विजय, त्या म्हातारीवर विश्वास ठेवायला नको होतास. बाजारातसुद्धा तिनंच ती खोटी अंगठी विकलेली. तिच्या बोलण्यावरनं मी तेव्हाच ओळखलं. आतनं ओरडून सांगावं असं वाटलं होतं.”

खेळात ती अंगठी घेतल्याला वर्ष होऊन गेलं होतं. ती म्हातारी तीच, हे आमच्या तिघांच्या ध्यानात आलं नव्हतं. ताईनं हातातलं ताट खाली टेकवलं.

“आई, तू सगळं ऐकतेस?”

“तुमचे पोहे देते आणि आत जाते. आत जाऊन काय करणार? कान आहेत मला.” आईनं उलथनं बाबांच्या हातात दिलं. “कुणी बस म्हणालं नाही, म्हणून बसले नाही. आता मीच म्हणते. मला बसायचंय.”

याला आता पुष्कळ वर्षं झाली. ताईचं लग्न थाटात झालं, विट्याच्या बँडवर अण्णा सगळ्यांत जास्त नाचले. मधल्या काळात कितीतरी गोष्टी खेळलो आणि विसरलो. पण बैठकीनंतरचा तो पहिला रविवार मला परवाचा वाटतो. मागच्या खोलीत आम्ही सहाजण गोल बसलो होतो. आई आणि सांगलीहून खास आलेल्या कुमुदताई शेजारी शेजारी, नव्या साड्या नेसून. स्वयंपाकघरात बाबा आणि यशोधन पोहे भिजवायचे की धुवायचे यावर वाद घालत होते. त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

“तुम्ही कोण होणार?” ताईनं दोघींना विचारलं होतं. कुमुदताई पहिलवान झाल्या. आईनं जरा विचार करून “कुऱ्हाडवाली” सांगितलं.

मला दोरावरून वर ओढून झालं, फरझाना शुद्धीवर आली, आणि तेवढ्यात काठी टेकत तीच म्हातारी आली. ताईनं आवाज असा मऊ केला की लोणी लाजावं. “बाळांनो, फार लागलं का रे? मी गरीब म्हातारी. चला माझ्या झोपडीत, गरम गरम भाकरी घालते.”

मग ताई आपल्या आवाजात म्हणाली, “आई, पाळी तुझी. काय करतेस?”

“मारते,” आई म्हणाली.

“काकू,” दिग्या भीत भीत म्हणाला, “आधी जरा गोडीनं घेऊन बघायचं का?”

“आयुष्यभर गोडीनंच घेतलंय,” आई म्हणाली. “मारते.”

“मी मागनं धरते,” कुमुदताई बाह्या सावरत म्हणाल्या. “तुम्ही हाणा, ताई.”

आमच्या ताईनं फासा आईपुढं सरकवला.